इफुगाओत गेलात तर आधी माथ्यावरचं रान बघा

बटाड गावात भाताच्या बांधावरून चालत होतो. बांध म्हणजे दगडी भिंतीचा माथा, जेमतेम दोन पावलं मावतील एवढाच रुंद. डाव्या हाताला घोटा बुडेल इतकं पाणी साठलेलं खाचर, उजव्या हाताला सरळ दोन पुरुष खोल भिंत आणि तिच्या पायथ्याशी पुढचं खाचर. पुढे चालणारा वाटाड्या मध्येच थांबला आणि उकिडवा बसला. बांधाच्या कडेला बोटभर भेग पडली होती, तिच्यातून पाण्याची बारीक धार भिंतीच्या पोटात शिरत होती. त्याने खाचरातला मूठभर चिखल उचलला, भेगेत कोंबला, टाचेने चेपला, हात त्याच पाण्यात धुतला आणि चालू लागला. शेत तुमचं का, मी विचारलं. नाही, शेजाऱ्याचं, तो म्हणाला. ज्याला दिसेल त्याने बुजवायचं.

माझं आजोळ भातपट्ट्यातलं. बांधाला असा चिखल लावताना मामाला मी शेकडो वेळा पाहिलंय, त्यामुळे ती कृती ओळखीची होती. तिच्यामागचं भय मात्र नवीन होतं. आमच्याकडे बांध फुटला की एका खाचराचं पाणी वाहून जातं. इथे वरचा बांध फुटला तर तो दगडमातीसकट खालच्या खाचरांवर कोसळतो, आणि ती त्यांच्या खालच्यांवर. फोटोत या डोंगरउतारावर हिरव्या पायऱ्या तेवढ्या दिसतात. त्या पायऱ्या तिथे कशाच्या जोरावर उभ्या आहेत, हे फोटोत येत नाही. ते नीट समजलं तर या प्रांताचा प्रवास सार्थकी लागतो, म्हणून हा लेख.

इफुगाओ हा फिलिपिन्समधला डोंगराळ प्रांत. लुझॉन नावाच्या मोठ्या बेटाच्या उत्तर भागात कॉर्डिलेरा पर्वतरांग आहे, तिच्या कुशीत. क्षेत्रफळ सुमारे 2,600 चौरस किलोमीटर, वस्ती जेमतेम 2 लाख. लगावे हे राजधानीचं गाव, पण बाहेरच्यांना ठाऊक असतं ते बनावे. या प्रांतातल्या लोकांनाही इफुगाओच म्हणतात. 1995 मध्ये युनेस्कोने इथल्या खाचरांच्या पाच समूहांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली: बटाड, बंगाआन, मायोयाओ, हुंगदुआन आणि कियांगानजवळचं नागाकादान. बनावेच्या सज्ज्यावरून दिसणारं प्रसिद्ध दृश्य, जे फिलिपिन्सच्या 20 पेसोच्या नोटेवरही छापलं होतं, ते या पाचांत नाही. तिथे खाचरांच्या मधोमध पत्र्याची आणि काँक्रीटची घरं उभी राहिली, म्हणून ते यादीबाहेर राहिलं. बरेच पर्यटक तेवढंच बघून परत फिरतात, याचं मला वाईट वाटतं.

पाणीच पाणसळ

भाताला साचलेलं पाणी लागतं आणि पाणी उतारावर थांबत नाही. डोंगरात भात पिकवणाऱ्या प्रत्येकापुढे हा पेच असतो. त्यावरचा उपाय आपल्या सह्याद्रीतही आहे, कोकणात त्याला मजगी म्हणतात: उतार कापून सपाट पट्टा काढायचा, कडेला बांध घालायचा. इफुगाओत फरक आहे तो चढाचा. काही ठिकाणी उतार इतका उभा की पट्टा चार हात रुंद काढायचा तर भिंत त्याहून उंच घालावी लागते. स्थानिक भाषेत अशा पाण्याने भरलेल्या खाचराला 'पायो' म्हणतात.

बांधायला सुरुवात खालून होते. आधी पायाला मोठे धोंडे बसवायचे, त्यांच्यावर दगडांची कोरडी रचाई. चुना नाही, सिमेंट नाही, आपल्याकडच्या गडग्यासारखी. भिंत डोंगराच्या बाजूला किंचित कललेली. भिंतीच्या मागे बारीक दगड आणि खडी, तिच्यावर माती, मग चिकणमातीचा घट्ट तुडवलेला थर, आणि सर्वांत वर भात ज्यात रुजतो तो काळा चिखल. चिकणमातीचा थर म्हणजे खाचराचा तळ. पाणी वर धरून ठेवायचं काम त्याचं. तरी थोडं पाणी झिरपतंच, ते खडीतून खाली उतरतं आणि दगडांच्या फटींतून बाहेर पडतं. कोरड्या रचाईचं मर्म इथे आहे. सिमेंटची बंद भिंत घातली असती तर झिरपलेलं पाणी तिच्या पाठीमागे तुंबलं असतं, आणि तुंबलेल्या पाण्याचा रेटा भल्याभल्या भिंतींना पोट आणतो. इथली भिंत पाण्याला अडवत नाही, सावकाश वाट देते.

एवढी माती आणायची कुठून? माणसांच्या डोक्यावरून तर आलीच, पण एक युक्ती मला फार आवडली. वरचा ओढा वळवून त्याच्या धारेबरोबर माती वाहून आणायची आणि भिंतीच्या मागे निवू द्यायची. पुढे सपाटीकरणालाही पाणीच. खाचरात थोडं पाणी सोडलं की कुठे उंचवटा आहे, कुठे खळगा आहे, ते आपोआप दिसतं. गवंड्याला पाणसळ लागते, इथे अख्खं खाचरच पाणसळ.

एका खाचरातून दुसऱ्यात उतरायला भिंतीतून लांब दगड बाहेर काढलेले असतात. आपल्या जुन्या विहिरींत असतात तसेच. त्यांच्यावर पाय ठेवून पाठीवर भाताचे भारे घेतलेली माणसं झपाझप चढतात. मी दोन्ही हातांनी भिंतीला धरून उतरलो.

सगळीकडे भिंती दगडाच्या नाहीत. बटाडला आणि मायोयाओला दगड, तर बनावेच्या आसपास पुष्कळ ठिकाणी नुसत्या मातीच्या. जिथे जे मिळालं त्याने बांधलं.

बारा महिने ओलं का ठेवायचं

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडे कापणी झाली की खाचर वाळतं, जमिनीला भेगा पडतात आणि पुढच्या पावसात ती पुन्हा भरून येते. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इफुगाओत पीक निघाल्यावरही खाचरात पाणी ठेवतात. पीक नसताना पाणी कशाला, असं वाटेल. पण ते पाणी पिकासाठी नसतंच, भिंतीसाठी असतं.

चिकणमाती वाळली की आकसते, आकसली की फाटते. त्या भेगांतून पहिला जोराचा पाऊस सरळ भिंतीच्या पोटात उतरतो. आत भरलेली माती पाणी पिऊन जड होते, सुटी होते आणि भिंतीला बाहेर ढकलते. एके रात्री ती बसते. म्हणजे इथली भिंत पावसाने पडली असं वरवर दिसतं, पण तिचं मरण उन्हाळ्यात ओढवलेलं असतं. सुक्या मातीत गांडुळंही मोकाट सुटतात. एरवी शेतकऱ्याचा मित्र म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो ते गांडूळ इथे बांध पोखरतं. पाण्याखालच्या चिखलात त्याचा वावर होत नाही, खाचर सुकलं की ते खोलवर बिळं करतं, आणि प्रत्येक बीळ म्हणजे पाण्याला आयता पाट. दुष्काळी वर्षांत या मोठ्या गांडुळांनी बांधांचं फार नुकसान केलं आहे.

कापणी झाल्यावर पेंढा आणि तण चिखलात गाडून त्याचे ढीग करतात. ढिगांच्या माथ्यावर भाजीपाला लावतात, बाजूला पाणी तसंच. काही महिन्यांत ढीग कुजून खत होतं आणि लावणीआधी तेच चिखलात पसरतात. बाहेरचं खत जवळजवळ लागत नाही.

आता याचा पुढचा धागा. खाचर बारा महिने ओलं ठेवायचं तर बारा महिने पाणी यायला हवं. इथे धरण नाही, पंप नाही. पावसाळा संपल्यावर माथ्याशी असलेल्या खाचराला पाणी कोण देणार?

रान देतं. खाचरांच्या रांगा जिथे संपतात, त्याच्यावर झाडीचा गडद पट्टा दिसतो. फोटोत तो बहुधा कापलेला असतो. त्याला 'मुयोंग' म्हणतात. पावसाचं पाणी तिथल्या पाचोळ्यात अडतं, मुळांच्या वाटेने जमिनीत मुरतं आणि मग महिनोन्महिने झऱ्यांतून थोडं थोडं बाहेर येतं. ते झरे पाटांनी जोडलेले असतात. काही पाट डोंगराच्या कडेने दूरवरून, दुसऱ्या खोऱ्यातल्या ओढ्यांपासून आणलेले आहेत. पाणी सर्वांत वरच्या खाचरात शिरतं, तिथून बांधाला ठेवलेल्या मोकळ्या तोंडातून खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात, असं करत तळाच्या नदीला मिळतं.

मुयोंग म्हटल्यावर मला लगेच आपली देवराई आठवली, पण दोन्ही एक नव्हेत. देवराई देवाची, तिथलं वाळकं पानही उचलायचं नाही. मुयोंग कुटुंबाचं असतं. त्यातून सरपण येतं, घराचं लाकूड येतं, वेत येतो, सुपारी येते, औषधं येतात. मात्र झाड तोडणाऱ्याने रोपं लावायची, निगा राखायची, आणि रान उघडं पडू द्यायचं नाही. ते भीतीने राखलेलं नाही, वापरून राखलेलं आहे. आणि ते राखलं जातं कारण ज्याचं रान त्याचंच खाचर बहुधा त्याच्या खाली असतं. वर कुऱ्हाड चालवली तर खाली आपलंच पाणी आटणार, हे प्रत्येकाला डोळ्यांसमोर दिसतं. पर्यटकांना विकायच्या लाकडी मूर्तींचा धंदा वाढला तेव्हा हा हिशेब काही ठिकाणी मोडला आणि मोठी झाडं गेली.

वरून खाली येणारं पाणी कुणा एकाचं नसतं. वरच्याने अडवलं तर खालचा मेला. म्हणून ज्या खाचरांना पूर्वापार पाणी मिळतं आहे त्यांचं पाणी दुसरीकडे वळवायचं नाही, हा इथला जुना, कडक रिवाज. वाटाड्याने शेजाऱ्याच्या भेगेत चिखल का भरला, ते मला हे कळल्यावर उमगलं. त्यात परोपकार होताच, पण शेजाऱ्याचं खाचर त्याच्या बहिणीच्या खाचराच्या वर होतं, हेही होतं.

वर्षातून एकदा

इथल्या जुन्या भाताला 'तिनावोन' म्हणतात. 'तावोन' म्हणजे वर्ष. वर्षातून एकदाच येणारा तो तिनावोन. हे एक वाण नाही, अनेक वाणांचं सामाईक नाव आहे. डोंगरातली थंडी त्याला मानवते आणि तयार व्हायला तो सावकाश वेळ घेतो. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रोपवाटिका, जानेवारी-फेब्रुवारीत लावणी, जून-जुलैत कापणी. सखल भागातल्या नव्या जाती वर्षाला दोन पिकं देतात, तिनावोनला ते जमत नाही. पण त्याचं वेळापत्रक या डोंगराच्या पाण्याशी, माणसांच्या कामाशी आणि सणांशी इतकं जुळलेलं आहे की भाताची जात बदलली तर नुसता दाणा बदलत नाही, सगळं पंचांग हलतं.

कापणी विळ्याने नाही. हातात लपेल एवढ्या छोट्या पात्याने एकेक लोंबी खुडतात, बहुतेक बायकाच. खुडलेल्या लोंब्यांच्या जुड्या बांधतात, त्या वाहून नेतात पुरुष. बियाणं कापणीआधीच निवडून झालेलं असतं. उभ्या पिकात फिरून, दाणा आणि लोंबी पाहून, जाणत्या बायका ते ठरवतात. दाणे झोडून पोत्यात भरायची रीत नाही, जुड्या तशाच कोठारात चढतात आणि लागेल तेवढ्या काढून कांडतात.

कोठार, म्हणजे 'आलांग', आणि घर, म्हणजे 'बाले', यांची ठेवण सारखी: चार लाकडी खांबांवर उचललेली खोली, वर गवताचं उतरतं छप्पर, सगळं खाचा पाडून बसवलेलं, खिळा एकही नाही. प्रत्येक खांबाच्या वरच्या टोकाला एक जाड लाकडी गोल चकती घातलेली असते. मी ती शोभेची समजलो. ती उंदरांसाठी आहे. खांबावरून चढून आलेला उंदीर चकतीखाली अडकतो, उलटं लटकून तिची कड त्याला ओलांडता येत नाही. एका चकतीने वर्षाचं धान्य वाचतं. कोठारात 'बुलुल' नावाच्या बसलेल्या किंवा उभ्या लाकडी मूर्तींची जोडी ठेवतात. त्या धान्याच्या राखणदार. जुने बुलुल चोरून परदेशी संग्राहकांना विकण्याचे प्रकार झाले आहेत, म्हणून कुणी 'जुना आहे, खरा आहे' असं सांगत मूर्ती दाखवली तर हात लावू नका. नव्या कोरलेल्या खुशाल घ्या, त्यावर कुणाचं तरी घर चालतं.

लावणी कधी सुरू करायची हे ज्याने त्याने ठरवायचं नसतं. एका मानाच्या कुटुंबाकडे तो अधिकार असतो. त्याने आधी लावायचं, मग गावाने. वरकरणी हे कर्मकांड वाटतं, पण सगळ्यांची खाचरं एकाच वेळी पिकली की उंदीर आणि पाखरं एकाच शेतावर तुटून पडत नाहीत, पाण्याच्या पाळ्याही जमतात. मोठ्या कामांना लोक एकमेकांकडे जातात: आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, मजुरी नाही. त्याला 'उब्बू' म्हणतात. आपला इर्जिक तोच. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात उतारावर भातखाचरं काढण्यासाठी लोक एकत्र येतात, त्या पडकईचं तर हे सख्खं भावंड वाटावं.

आणि कामाबरोबर गाणं. 'हुदहुद' नावाच्या दीर्घ कथागीतांचा इथे ठेवा आहे. युनेस्कोच्या नोंदीनुसार 200 हून अधिक गीतं, प्रत्येकाचे सुमारे 40 भाग. पूर्ण म्हणायला काही दिवस लागतात. पेरणीच्या वेळी, कापणीच्या वेळी आणि मृताच्या जागरणाला ती म्हणतात. मुख्य गाणारी बहुधा वयस्क बाई, बाकीच्या तिला साथ देतात. आलिगुयोन हा त्यातला लाडका नायक. जात्यावर ओव्या ऐकत वाढलेल्या आपल्या आज्यांना त्या बैठकीत परकं वाटलं नसतं. जातं गेलं तशा ओव्या गेल्या, हेही आपण जाणतो. हाताची कापणी कमी झाली की हुदहुदची जागाच जाते. 2001 मध्ये युनेस्कोने त्याला मौखिक वारशाचा मान दिला, 2008 मध्ये त्याचा समावेश अमूर्त वारशाच्या यादीत झाला. हुंगदुआनमध्ये कापणी संपल्यावर नदीच्या पात्रात उतरून रस्सीखेचीसारखा खेळ होतो, त्याला 'पुन्नुक' म्हणतात. 2015 मध्ये कंबोडिया, दक्षिण कोरिया आणि व्हिएतनामच्या अशाच खेळांबरोबर त्याचीही नोंद झाली.

दोन हजार वर्षं की चारशे

माहितीपत्रकांवर ठरलेलं वाक्य असतं: खाचरं 2,000 वर्षं जुनी. हा आकडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन अभ्यासक हेन्री ओटली बेयर आणि रॉय फ्रँकलिन बार्टन यांच्या अंदाजातून आला. एवढ्या भिंती हातांनी बांधायला किती काळ लागला असेल, असा त्यामागचा तर्क होता. उत्खननाचा आधार नव्हता. तरीही आकडा शाळेच्या पुस्तकांत गेला आणि पक्का झाला.

अलीकडे पुरातत्त्वज्ञ स्टीफन आकाबादो आणि त्यांचे सहकारी, स्थानिक लोकांना बरोबर घेऊन, इथे उत्खनन करत आहेत. कियांगानजवळच्या जुन्या वस्तीत त्यांना आधीच्या काळात अळूचे पुरावे मिळाले, ओल्या भातशेतीचे मिळाले नाहीत. भाताचे पुरावे दिसू लागतात ते साधारण 1600 नंतर. आता इतिहास बघा. स्पॅनिश लोकांनी 1565 पासून फिलिपिन्समध्ये पाय रोवले आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते उत्तर लुझॉनच्या खोऱ्यांत घुसू लागले. सखल भागातली माणसं त्यांना चुकवत डोंगरात सरकली. आकाबादो यांची मांडणी अशी की मोठ्या प्रमाणावर खाचरं याच काळात, झपाट्याने वाढली. वाढत्या वस्तीला पोसण्यासाठी, आणि आपलं समाजजीवन घट्ट धरून ठेवण्यासाठी. स्पॅनिशांना हे डोंगर कधीच पूर्णपणे ताब्यात घेता आले नाहीत.

यावर वाद आहे, आणि 'आमच्या पूर्वजांचं वय कमी केलं' असं वाटणारेही आहेत. माझं मत विचाराल तर चारशे वर्षांची गोष्ट मला जास्त मोठी वाटते. दोन हजार वर्षं म्हटलं की भिंती हळूहळू, आपोआप वाढल्यासारख्या वाटतात. चारशे म्हटलं की त्यामागे निर्णय दिसतो. तोफाबंदुका घेऊन आलेल्या सत्तेपुढे मान न तुकवता काही पिढ्यांनी डोंगर कापून अन्न उभं केलं. अळूवर जगणाऱ्यांनी भाताचं एवढं अवघड शास्त्र साधलं, तेही त्या धामधुमीत. यात कमीपणा कुठला आला?

धोक्याच्या यादीतली अकरा वर्षं

2001 मध्ये हा वारसा युनेस्कोच्या धोक्यातल्या स्थळांच्या यादीत गेला. कुठलं युद्ध झालं नव्हतं की मोठा भूकंप. माणसं निघून जात होती. एका कुटुंबाच्या खाचरातला तिनावोन बहुतेकांना वर्षभर पुरत नाही, विकायला तर उरतच नाही. त्यात वारसाहक्काची रीत अशी की खाचरं आणि रान मुख्यतः थोरल्या अपत्याला मिळतं, मग तो मुलगा असो वा मुलगी. तुकडे होऊ नयेत म्हणून हे शहाणपणाचंच आहे. पण धाकट्यांनी काय करायचं? ते बागियोला जातात, मनिलाला जातात, परदेशात जातात. शिकलेला थोरलाही पुष्कळदा परत येत नाही. मग खाचर पडीक राहतं, वाळतं, भेगाळतं, आणि पुढचं वर आलंच आहे. एकाचं पडीक खाचर खालच्या दहा जणांची झोप उडवतं.

दुसरं संकट पाण्यातून आलं. 1980 च्या दशकात खाण्यासाठी म्हणून परदेशी सोनेरी गोगलगाय फिलिपिन्समध्ये आणली गेली. ती खाचरांत पसरली आणि कोवळी रोपं फस्त करू लागली. स्थानिक गोगलगायी चिमुकल्या, निरुपद्रवी, लोकांच्या जेवणातल्या. त्यांची जागा हिने बळकावली. बांधाच्या आतल्या कडेला, रोपांच्या दांड्यावर गुलाबी दाण्यांचा घोस चिकटलेला दिसला तर ती तिची अंडी. मी आधी त्याला फूल समजलो होतो.

काही भागांत भात सोडून बाजाराचा भाजीपाला लावायला सुरुवात झाली. पैसा लगेच हाती येतो, त्यामुळे शेतकऱ्याला बोल लावता येत नाही. पण भाजीला कोरडी जमीन लागते, आणि कोरड्या जमिनीचं इथे काय होतं ते वर सांगितलंच.

भिंतींची डागडुजी, पाटांची दुरुस्ती, रानांची निगा, प्रत्येक भागाची आराखडेवजा व्यवस्था असं बरंच काम झाल्यावर 2012 मध्ये नाव धोक्याच्या यादीतून निघालं. त्याआधी 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनेही इफुगाओच्या शेतीपद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा ठरवलं होतं. नाव निघालं म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. भिंत एकदा बांधून होत नाही, ती दरवर्षी बांधावी लागते.

जायचं असेल तर

मनिलाहून बनावे सुमारे 350 किलोमीटर. रात्रीची बस नऊ-दहा तास घेते आणि पहाटे गारठ्यात उतरवते. उष्ण देशात आलोय म्हणून स्वेटर न घेता जाऊ नका. बनावेत पर्यटन केंद्रात नोंदणी करून पर्यावरण शुल्क भरायचं, वाटाड्या ठरवायचा. तिथून बटाडला जीपनी नावाच्या लांबट जीपगाडीने किंवा मोटारसायकलला खोपी जोडलेल्या ट्रायसिकलने जायचं, आणि रस्ता संपला की पायी. अर्ध्या दिवसात बघून येतो म्हणणारे पुष्कळ भेटतात. किमान एक रात्र तरी राहा.

कधी जायचं हे तुम्हाला काय पाहायचंय त्यावर आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी खाचरं आरशासारखी, आभाळ पायाशी उतरलेलं, आणि लावणीची लगबग. एप्रिल-मे म्हणजे सगळा डोंगर हिरवा. जूनच्या अखेरीस पिवळा. त्यानंतर वादळी पावसाचे महिने, दरडी कोसळून रस्ते बंद पडतात.

बटाडचं खोरं अर्धगोल, पायऱ्यापायऱ्यांच्या रंगमंडपासारखं. हुंगदुआनच्या बाकुंगला खाचरं कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलेली. मायोयाओला घरं एका जागी नाहीत, खाचरांच्या मधोमध विखुरलेली. कियांगानला 2 सप्टेंबर 1945 रोजी जपानी सेनापती तोमोयुकी यामाशिता शरण आला, तिथे स्मारक आहे. त्या युद्धाची झळ या खोऱ्यांनीही सोसली.

बांधावरून एकामागे एक चाला. समोरून भारा घेतलेला माणूस आला तर आपण थांबून वाट द्यायची, कारण तो कामावर आहे. खाचरात पाय घालू नका, बांधाची कड तुडवू नका. म्हाताऱ्या माणसांचा फोटो काढायचा तर आधी विचारा, बनावेच्या सज्ज्यावर पारंपरिक वेषात बसलेल्यांना पैसे देण्याची रीत आहे, ते द्या. आणि कुठल्याही वळणावर पोहोचलात की नजर आधी वर न्या: रान कुठे आहे, ते सलग आहे की मध्ये उघडं पडलंय, पाणी कुठून निघतंय. मग त्या पाण्याचा माग काढत खाली या. वाटेत एखादं गवताळलेलं, सुकं खाचर दिसेल, त्याच्या खालची भिंत नीट बघा.

परतीची चढण चढताना दम खायला थांबलो, तेव्हा मी वाटाड्याला विचारलं, यातलं तुमचं मुयोंग कोणतं. त्याने समोरच्या डोंगराच्या खांद्यावरचा एक गडद पट्टा दाखवला आणि म्हणाला, ते थोरल्या बहिणीचं. खाचरंही तिचीच. हा धाकटा. लावणीला आणि कापणीला तो तिच्याकडे जातो, बांध पडला तर दगड उचलायला जातो, आणि उरलेले दिवस आमच्यासारख्यांना वाट दाखवतो.